ऐंशी अंडी आणि एक वॉचडॉग

आत्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला आमच्या वर्कशॉपमध्ये एका स्टॅबिलायझरचं झाकण उघडून बसले होते.

"तुझी मशीन थिजली गं माय," ती म्हणाली. "आकडा हलंना झालाय अन् बल्ब जळूच लागलेत. मामा म्हणतेत पिन काढू का?"

"काढा! आधी पिन काढा!" मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या टेबलावरच्या सरांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला.

मशीन म्हणजे अंडी उबवायची पेटी. आत्या जळकोटजवळच्या गावात गावरान कोंबड्या पाळते. तिच्या कोंबड्या अंडी भरपूर द्यायच्या, पण खुडूक बसायच्या वेळी एकेकीचे नखरे सुरू व्हायचे. म्हणून मी तिला जुन्या, बंद पडलेल्या फ्रिजची पेटी बनवून दिली होती. आत चार बल्ब, कॉम्प्युटरचा एक पंखा, अंडी दर दोन तासांनी कलती करणारा ट्रे आणि त्याची छोटी मोटर. बाहेर दारावर दोन ओळींचा डिस्प्ले. हे सगळं चालवणारी चिप माझी आणि चिपमधला प्रोग्रामही माझा. साडेसदतीस अंशांच्या वर गेलं की बल्ब बंद, खाली आलं की चालू. एकवीस दिवसांनी पिल्लं. इतकं सोपं.

पाचव्या दिवशी ती पहिल्यांदा थिजली. आकडा साडेसदतीसवरच अडकला आणि बल्ब चालू राहिले. नशिबानं आत्याला डिस्प्लेवर पूर्ण भरवसा नव्हता. तिनं आत एक साधा थर्मामीटर ठेवला होता आणि दारात बसवलेल्या काचेतून तो दिसत होता. पिन काढून परत लावली की मशीन पुन्हा शहाण्यासारखी चालायची. अर्धा दिवस, कधी एक दिवस. मग परत थिजायची.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर घड्याळाकडं बघून घंटा दिलेला माणूस. त्यांनी फ्रिजसमोर बाज टाकली आणि ड्यूटी लावून घेतली. दिवसा मामा, रात्री आत्या. थर्मामीटर अडतीसच्या वर गेला की पिन काढायची, दहापर्यंत मोजायचं, पिन लावायची. मला हे फोनवर कळलं तेव्हा इतकी लाज वाटली! मामांनी तीन दिवस पारावरचं बसणं सोडलं होतं, कारण माझा प्रोग्राम मध्येच झोपत होता.

सर हे माझे जुने शिक्षक. मूळचे बिलोलीचे. रिटायर झाल्यावर "घरी बसून काय करू?" म्हणत माझ्याच वर्कशॉपमध्ये येऊन बसले आणि आता मीच त्यांना घाबरून असते. त्यांनी माझा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"इथं काय करून राहिलीस तू? सेन्सरला तापमान विचारलंस अन् उत्तराची वाट बघत उभी राहिलीस. उत्तर आलंच नाही तर?"

"येतंच ना सर."

"येतंच," ते म्हणाले आणि उठून ड्रिल मशीन घेऊन आले. माझ्या टेबलावर तशीच दुसरी चिप होती, सेन्सर आणि डिस्प्ले लावलेली. सरांनी तिच्या वायरीजवळ ड्रिल धरलं आणि चालू-बंद, चालू-बंद केलं. चौथ्या खटक्याला डिस्प्लेवरचा आकडा थांबला. मी बोट लावलं, फुंकर मारली, काही नाही. थिजला.

"तिथं आसपास कायतरी ठिणगी मारतंय," सर म्हणाले. "सेन्सरची वायर गडबडते, तुझा प्रोग्राम वाट बघत बसतो. ते काय आहे ते नंतर शोध. आधी वॉचडॉग लाव. चिपमध्येच बसलेला आहे तो. तू त्याला उठवलाच नाहीस."

वॉचडॉग म्हणजे चिपमधलाच एक वेगळा टायमर. तो आपला उलटा मोजत असतो, माझ्या बाबतीत दोन सेकंदांपासून. प्रोग्रामनं त्याआधी त्याला "मी जागा आहे" असं कळवायचं, म्हणजे तो पुन्हा दोनपासून सुरू करतो. प्रोग्राम अडकला, कळवायचं राहिलं, की दोन सेकंदांत वॉचडॉग चिपला सरळ रीसेट मारतो. मामा बाजेवर बसून जे करत होते तेच, फक्त पिनला हात न लावता.

मला वाटलं, दोन ओळींचं तर काम! एक ओळ वॉचडॉग चालू करायची, एक ओळ त्याला कळवायची. माझ्या प्रोग्राममध्ये एक छोटा ठोका आधीच होता, सेकंदाला दहा वेळा पडणारा, घड्याळ चालवण्यासाठी. कळवायची ओळ मी तिथंच टाकून दिली. वक्तशीर जागा, कधी चुकायचं नाही. ड्रिल घेऊन दोन-तीन खटके मारले, काही थिजलं नाही, आणि मी खूश. सर त्या दिवशी लग्नाला गेले होते, नाहीतर त्यांनी मला तिथंच धरलं असतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी निघाले. कंधार, जांब करत जळकोट, तिथून मामांनी मोटरसायकलवर घेतलं. लॅपटॉप पोटाशी धरून बसले होते. आत्यानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "झाली का नीट?"

"झाली म्हणजे काय! आता मामांनी कुठंही जावं."

आठवा दिवस होता. मी केबल जोडली, नवा प्रोग्राम चढवला, डिस्प्ले उजळला. मामा एक मिनिट बाजेवरून उठेचनात. शाळा सुटल्याची खात्री नसलेल्या माणसासारखे बसून राहिले. मग एकदम उठले, टोपी घातली.

"मी उदगीरला जाऊन येतो," ते म्हणाले. "चार दिवस झाले, चप्पल तुटून पडलीय."

ते गेले. आत्यानं मला पोहे दिले. मी पोह्यांचा घास तोंडात घेतला आणि काचेतून सहज बघितलं. थर्मामीटर अडतीसवर. डिस्प्ले साडेसदतीसवर. बल्ब जळतायत.

"आत्या!"

"काय?"

"थिजली."

आत्यानं पदर खोचला आणि मामांच्या जागी जाऊन बाजेवर बसली. "तू म्हणालीस ते राखणीचं कुत्रं हाय ना ह्याच्यात?"

"हाय."

"मग झोपलं व्हय ते?"

मी पिन काढली, दहापर्यंत मोजलं, पिन लावली आणि प्लेट हातात घेऊनच विचार करत बसले. आणि मग असं लख्ख कळलं, की मी पोहे सांडले. प्रोग्राम सेन्सरची वाट बघत अडकला होता, पण तो ठोका काही अडकत नाही. तो वेगळाच चालतो, सेकंदाला दहा वेळा, प्रोग्राम जगो नाहीतर मरो. आणि मी कळवायची ओळ त्या ठोक्यातच टाकली होती! म्हणजे आत सगळं बंद पडलं तरी वॉचडॉगला बिचाऱ्याला सेकंदाला दहा वेळा निरोप जात होता: मी जागा आहे, मी जागा आहे, मी जागा आहे.

मला हसू फुटलं. आत्याला सांगितलं तर तिला आधी कळेना. मग कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हणजे माणूस पडलाय आत बेशुद्ध अन् त्याच्या नावानं दुसराच हाजरी लावायलाय! आमच्या शाळेत एक मास्तर होता की तसा!" आत्याची शाळा म्हणजे मामांची शाळा, तिला तिथल्या सगळ्या भानगडी पाठ होत्या.

मी ओसरीत पाट घेऊन लॅपटॉप मांडला. ती ओळ ठोक्यातून काढली आणि मुख्य प्रोग्रामच्या अगदी शेवटी नेली. आधी तापमान विचारायचं, मग बल्बचं ठरवायचं, मग ट्रेचं बघायचं, आणि हे सगळं पार पडलं तरच वॉचडॉगला कळवायचं. चढवला प्रोग्राम. डिस्प्लेवर इंग्रजी अक्षरांत माझं स्वागताचं वाक्य आलं: "नमस्कार आत्या". हे मी हौसेनं लिहिलं होतं. मशीन सुरू झाली की तीन सेकंद हे वाक्य दिसायचं आणि मग आकडे.

आकडे आले नाहीत. डिस्प्ले एकदा विझला आणि पुन्हा आलं, "नमस्कार आत्या". विझलं. "नमस्कार आत्या". विझलं. "नमस्कार आत्या".

"बस की गं," आत्या मशीनला म्हणाली. "किती वाकशील?"

मी डोक्याला हात लावला. वॉचडॉग मी अगदी पहिल्या ओळीत चालू केला होता, दोन सेकंदांचा. स्वागत होतं तीन सेकंदांचं. नमस्कार पुरा व्हायच्या आतच वॉचडॉगला वाटायचं, हा अडकला, आणि तो रीसेट मारायचा. मशीन उठायची आणि पहिलं काम काय, तर नमस्कार. मला हे आत्याला समजावून सांगता येईना, कारण मला बोलताच येईना. मी ओसरीत आडवी पडून हसत होते. आत्या माझ्या पाठीत धपाटे मारत हसत होती. शेजारच्या दोघी काय झालं म्हणून आल्या. त्यांनी फ्रिज बघितला आणि त्याही खाली बसल्या.

तेवढ्यात मामा आले. उदगीरला गेलेच नव्हते; जळकोटलाच चप्पल मिळाली होती. हातात पिशवी घेऊन ते दारात उभे राहिले. चार बायका जमिनीवर, आणि फ्रिज एकसारखा नमस्कार करतोय. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य एकेक अक्षर जुळवून वाचलं. तीन-चार वेळा आलेलं बघितलं. मग अगदी गंभीरपणे आत्याकडं वळले.

"लग्न झाल्यापासून मी तुला एकदा पण नमस्कार केला न्हाई," ते म्हणाले. "ह्यानं एका दिवसात सगळी बाकी भरून काढली बघ."

आत्या हसून हसून उठून आतच गेली.

स्वागत मी एका सेकंदावर आणलं. वॉचडॉग त्याच्या नंतर चालू केला. आता आकडे आले, ट्रे हलला, सगळं नीट. पण मी सकाळी एकदा तोंडावर पडले होते, त्यामुळं मामा बाजेवरून हलायला तयार नव्हते. "थिजवून दाखव," ते म्हणाले. "थिजली अन् आपली आपण उठली, तरच मी मानीन."

थिजवायला ड्रिल कुठून आणायचं? आत्या म्हणाली, मिक्सर चालंल का? तिनं मिक्सर आणून फ्रिजला खेटून स्टुलावर ठेवला. रिकामा कशाला फिरवायचा, म्हणून त्यात शेंगदाणे, तिखट आणि लसूण टाकला. मी डिस्प्लेसमोर. मामा थर्मामीटरसमोर. शेजारच्या दोघी खिडकीत.

"चालव."

घर्रर्र. काही नाही. परत. काही नाही. पाचव्यांदा आत्यानं बटण दाबून झटकन सोडलं आणि आकडा थांबला.

"थिजली!" मामा म्हणाले. मी बोटांवर मोजलं. एक. दोन. आतून बल्ब चालू-बंद करणाऱ्या रिलेचा टक्क असा आवाज आला, डिस्प्ले विझला, उजळला, "नमस्कार आत्या", आणि आकडे चालू.

मी ओरडले. आत्या ओरडली. खिडकीतल्या दोघी टाळ्या वाजवायला लागल्या. मामांनी पिनेकडं बघितलं, ती बोर्डातच होती. "कुणी हात न्हाई लावला?" त्यांनी तीनतीनदा विचारलं. मग म्हणाले, "पुन्हा."

आम्ही ते सात-आठ वेळा केलं. थिजायची, टक्क, नमस्कार. थिजायची, टक्क, नमस्कार. शेंगदाण्याची चटणी इतकी बारीक झाली की तिला तेल सुटलं. शेजारणींनी वाट्या आणल्या आणि सगळ्या गल्लीत चटणी गेली.

सगळे शांत झाल्यावर आत्यानं डिस्प्लेच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय गं, दिवस एक?"

माझं हसू थांबलं. आज आठवा दिवस होता. रीसेट झाला की प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, आणि दिवसही पहिल्यापासून मोजतो. अठराव्या दिवशी ट्रे हलवणं बंद करायचं असतं, तेव्हा पिल्लं अंड्यात तोंड फिरवून बाहेर यायच्या तयारीत असतात. पण ह्या मशीनचा अठरावा दिवस कधी आलाच नसता.

"तुम्ही पिन काढायचात तेव्हा पण एक यायचा का?"

"दर वेळी यायचा."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुझ्या मशीनला मोजता येत न्हाई," आत्या म्हणाली. "म्हणून मी माझं माझं करायले." तिनं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. अंडी ठेवल्या दिवसापासून रोज एक, अशा कपाळाच्या लाल टिकल्या तारखांवर चिकटवलेल्या. आठ टिकल्या. मी तिला मिठी मारली आणि चिपमध्ये वीज गेली तरी पुसली जात नाही अशी जी थोडी जागा असते, तिथं दिवस लिहून ठेवायची सोय केली. आठ घातला, रीसेट मारला, आठच आला. सोबत किती वेळा रीसेट झालं तोही आकडा दाखवला. संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला परतले तेव्हा माझं पोट हसून दुखत होतं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज सकाळी डिस्प्लेचा फोटो पाठवायची. दिवस नऊ, रीसेट दोन. दिवस अकरा, रीसेट पाच. मी सरांना अभिमानानं दाखवायचे. "बघा, पाच वेळा वाचवलं."

सरांना काही कौतुक वाटलं नाही. "पाच वेळा पडली, हे बघ ना. वॉचडॉग उचलून उभी करतो, पाडणारा कोण ते सांगत नाही. शोध."

माझा संशय पिठाच्या गिरणीवर होता. आत्याच्या घराला लागूनच गिरणी आहे आणि तिची मोटर मोठी. फोनवर मी तसं बोलून गेले आणि मामा सरळ गिरणीवाल्यांकडं जाऊन म्हणाले, तुमच्या मोटरीनं आमची पिल्लं परेशान झालीत. गिरणीवाल्यांनी दोन दिवस मामांशी बोलणं टाकलं.

अठराव्या दिवसाचा फोटो आला: दिवस अठरा, रीसेट अकरा. ट्रे आपोआप थांबला होता. एकोणिसाव्याला रीसेट अकरा. विसाव्याला सकाळी पण अकराच. गिरणी तर रोज चालूच होती.

मी फोटो सरांपुढं धरला. त्यांनी बघितला आणि नुसतं हसले. मीच बोलले, "ट्रे थांबला, रीसेट थांबले. म्हणजे ठिणगी माझ्याच मोटरची. पेटीतच, सेन्सरपासून वीतभर अंतरावर." वर्कशॉपमध्ये मी ट्रेची मोटर कधी जोडलीच नव्हती, म्हणून तिथं ती सापडली नव्हती.

"चल," सर म्हणाले. "ठिणगी गिळायला मोटरीवर कपॅसिटर टाकू, अन् सेन्सरसाठी किती थांबायचं त्याला हद्द घाल. अन् मला पिल्लं बघायचीत."

विसाव्याच्या दुपारीच आम्ही दोघं गावात पोचलो. मामांना आधी गिरणीवाल्यांकडं पाठवलं. ते चूक कबूल करून, चहा पिऊन आणि गिरणीवाल्यांनाच सोबत घेऊन आले. काम पिल्लं बाहेर आल्यावरच करायचं ठरलं, कारण आता दार उघडून आतली ऊब घालवायची नव्हती. काचेपुढं पाच डोकी. एका अंड्याला तडा होता आणि त्यातून चोचीचं टोक आत-बाहेर होत होतं.

"बोललं!" आत्या म्हणाली. खरंच, काचेतून बारीक चिवचिव ऐकू येत होती.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत फ्रिजमध्ये नुसता गोंधळ. ओली, वाकडीतिकडी, एकमेकांच्या डोक्यावर पाय देणारी पिल्लं. कुणी निम्मं टरफल टोपीसारखं घेऊन फिरत होतं. सर कधी मोठ्यानं हसत नाहीत, ते खिडकीशी जाऊन पाठमोरे हसत होते. ऐंशीतली एकसष्ट निघाली. उरलेल्यांतली काही माझ्या त्या पहिल्या दिवसांत गेली असणार, हे मला ठाऊक होतं आणि मी ते आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "कोंबडीखाली तरी कुठं सगळी निघतेत?" आणि मोजलेली पिल्लं परत मोजायला बसली, कारण मोजताना ती एका जागी राहतच नव्हती.

मोटरीचं काम उरकून परतताना सरांनी चार पिल्लं मागून घेतली, बिलोलीच्या घरच्या परसासाठी. मामांच्या नव्या चपलांचा पुठ्ठ्याचा डबा, वर भोकं पाडलेली. एसटीत सर तो मांडीवर घेऊन ताठ बसले. कंडक्टर आले आणि थबकले.

"डब्यात काय हाय?"

"मॅडमचा प्रोग्राम," सर म्हणाले.

डब्यातून चिवचिव आली. कंडक्टरांनी झाकण उचललं आणि तिकिटाचं मशीन काखेत मारून एक पिल्लू तळहातावर घेतलं. मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, मला बघू. त्यांच्या मागचे म्हणाले, इकडं पण. डबा एका सीटवरून दुसऱ्या सीटवर जात शेवटच्या बाकापर्यंत गेला. सर दर मिनिटाला मान वळवून "हळू, हळू" करत होते. कंधार आलं तेव्हा डबा परत पोचला. आत चारही पिल्लं होती आणि कुणीतरी टाकलेल्या ज्वारीच्या कण्यांवर तुटून पडली होती.